रिकामा चौकोन

ड्रॉइंग मास्तरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "काय हो गणित, जेवले का?" असं भर रस्त्यात विचारायचे. शाळेतल्या प्रत्येकाला ते त्याच्या विषयावरून ओळखत. संस्कृत, इतिहास, शेतकी. हेडमास्तर इंग्रजी शिकवत म्हणून त्यांना तेवढं आदराने "इंग्रजीसाहेब" म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याबद्दल मी अजूनही साशंक आहे. तसा त्यांच्याबद्दलच्या बहुतेक गोष्टींबाबत मी साशंकच आहे. मी सरळ विचार करण्याचा पगार घेणारा माणूस, आणि मास्तरांच्या डोक्यातली कुठलीच वाट सरळ नव्हती.

मी नाशिककडून देऊळगाव राजाला नोकरीसाठी आलो तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि शाळेत सगळा गोंधळ होता. हा जिल्हा थोडक्या वर्षांत मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आला होता. माणसं आपली होती तिथेच होती. कपाटात तिन्ही राज्यांची परिपत्रकं एकमेकांच्या उरावर बसलेली, आणि रजेचा अर्ज कुठल्या नियमाने करायचा हे विचारलं की हेडमास्तर पाणी मागवत. जुन्या राज्याचे भिंतीवर टांगायचे मोठाले नकाशे होते, जाड कागदाचे. ते आता कुणालाच नको होते. मास्तरांनी ते सगळे मागून घेतले.

"राज्य गेलं, कागद त पक्का हाये," ते म्हणाले.

त्या नकाशांचे तुकडे करून त्यांच्या पाठीवर मास्तर चित्रं काढत. एका पानावर सहा चौकोन. पाच चौकोनांत गोष्ट पुढे सरकायची आणि सहावा चौकोन रिकामा. नुसती चौकट. पहिल्यांदा मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय. नंतर कळलं की प्रत्येक पानाचं तसंच आहे. विचारलं तर म्हणाले, "सगळं मीच काढलं त पाहनाऱ्यानं काय करावं?"

वर्गात ते फळ्यावर सुरेख आंबा काढत आणि म्हणत, "आता याची मागची बाजू काढा." पोरं बावरून जात. आंब्याची मागची बाजू आंब्यासारखीच असते, असं म्हणणाऱ्याला ते वर्गाबाहेर काढत आणि कुंपणापलीकडच्या झाडाला मागून बघून यायला सांगत. त्यांना स्वतःला माणसं, बैल, देव, सगळं पाठमोरं काढायची आवड होती. "तोंड खोटं बोलते. पाठीले नाई जमत ते," हे त्यांचं म्हणणं. स्वतःच्या चित्रालाही ते लाल पेन्सिलीने मार्क देत, आणि बहुतेक वेळा स्वतःला नापास करत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे चित्र कुणाचं?"

"माह्यं."

"मग नापास का?"

"बैलाचे पाय पाहा न, साहेब. उभा हाये का पोहून राह्यला?"

साहेब खरोखरच वाकून पाय बघू लागले. तपासणी तिथेच राहिली.

आम्ही दोघं बालाजीच्या देवळामागे एका काकूंकडे जेवत असू. तिथे मास्तरांची एक खोड मला फार खटकायची. ज्वारीची भाकर ताटात पडली की ते आधी तिचा चतकोर मोडत, तो ताटाच्या काठावर पालथा ठेवत, आणि जेवण झालं की तसाच टाकून उठत. मधे पुन्हा भाकर मागून घेत, पण त्या चतकोराला हात लावत नसत. अन्न टाकलं की आमच्याकडे बोलणी खावी लागत. काकू मात्र मुकाट्याने तो चतकोर उचलून दारच्या गाईला घालत. एक दिवस मास्तर उठून गेल्यावर मी काकूंना विचारलंच.

"तुमाले नाई माहीत?" काकू म्हणाल्या. "बहिनीचा हाये तो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मास्तरांचे आईवडील लवकर गेले. घरात हा आणि धाकटी बहीण. हा शिकायला, कामाला बाहेर असायचा, यायला उशीर व्हायचा. "ते पोरगी आपल्या भाकरीतला चतकोर मोडून ताटाच्या काठावर पालथा ठेवे, वर एक मिरची. दादाचा म्हने. कोनाले हात नाई लावू दे. मग तिचं लगन करून देल्लं मेहकरच्या अंगाले. एक दिवस एकटीच आली बाप्पा, अन् म्हने मी जात नाई आता तिथं. यानं दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसवून देल्ली. म्हने, दम धर, पंचमीले मी मुराळी येतो. गेला पंचमीले. सासरचे म्हनतात, आली कोठी इकडं? तुमच्याकडंच हाये न!"

सासरी गेलेल्या मुलीला सणाला माहेरी आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. हे मुराळी रिकाम्या हाताने परत आले. बहीण त्या मोटारगाडीतून मधेच कुठे तरी उतरली होती, आणि नंतर ती कुणालाच दिसली नाही. पोलिसात वर्दी दिली, नातेवाइकांची दारं झाली, विहिरीसुद्धा पाहून झाल्या. तेव्हापासून मास्तर रोज संध्याकाळी मोटार स्टँडवर जात, मेहकरची गाडी रिकामी होईपर्यंत उभे राहत, "नाई" एवढंच म्हणत आणि परत फिरत. मला वाटायचं, त्यांना गाड्या बघायचा नाद आहे.

हे कळल्यावर मी उत्साहाने त्यांना वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला सुचवलं. त्यांनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं पाहिलं.

"जाहिरात पाहून मानूस लपते, गणित. गोष्ट पाहून थांबते."

गोष्ट होती गावाबाहेरच्या बारवेची. काळ्या दगडाची, पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत जाणारी ही बारव यादवांच्या काळातली आहे असं सगळे सांगत. तिची कथा तिथल्या पोरासोरांना पाठ. बारव खणली पण पाणी लागेना. तेव्हा पाटलाला दृष्टान्त झाला की थोरल्या सुनेने दिवा घेऊन खाली उतरावं. सून उतरली. एकेका पायरीवर पाणी चढू लागलं, आणि प्रत्येक पायरीवर ती वर उभ्या असलेल्या बायकांना विचारायची, "माझा भाऊ आला का?" पंचमीचा दिवस होता, भाऊ मुराळी म्हणून यायचा होता. घोट्याला पाणी, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी. भाऊ आला तेव्हा पाण्यावर दिवा तेवढा तरंगत होता. म्हणून अजूनही तिथल्या बायका पंचमीला बारवेत दिवा सोडतात आणि मुराळी उन्हं चढायच्या आत घरातून निघतो.

लहानपणी मास्तरांची आई ही गोष्ट सांगायची तेव्हा बहीण दर वेळी रडायची आणि दुसरा शेवट मागायची. आई म्हणायची, शेवट काय माझ्या हातात आहे? मास्तरांनी आता तीच गोष्ट काढायला घेतली होती. आणि दुसरा शेवट त्यांनाही येत नव्हता. चार रात्री जागून काढलेलं शेवटचं पान त्यांनी मला दाखवलं. त्यात भाऊ बहीण बुडायच्या आत बारवेत पोचला होता, पण पुढचा, सहावा चौकोन रिकामाच.

"शेवट तिलेच माहीत असंन," ते म्हणाले. "ते सांगंल."

ही पानं ते गाड्यांमध्ये लावणार होते, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर. बहीण गाडीतून गेली, तर निरोपही गाडीतूनच जाईल. त्यामागचा हिशोब त्यांनी मला समजावला, आणि आश्चर्य म्हणजे तो मला पटला. लांबच्या गाडीत पहिलं पान. त्याहून जवळच्या गाडीत दुसरं. असं करत शेवटचं पान देऊळगावच्या स्टँडवर. पुढे काय झालं हे बघायचं तर माणसाला एकेक गाडी जवळ यावंच लागेल. गोष्टीच्या ओढीने बहीण घरापर्यंत येईल. वेडेपणाचं का होईना, पण त्यात गणित होतं. मी त्यांना खळ शिजवायला मदत केली. किसन नावाचा एक ड्रायव्हर मास्तरांचा जुना विद्यार्थी होता, त्याने स्टँडवरच्या बाबूंची परवानगी मिळवली. सगळी पानं लागली. जागा उरली म्हणून शेवटचं पानही एका उभ्या गाडीत लावून टाकलं, स्टँडसाठी दुसरं काढू म्हणून.

आठवडाभरात माझ्या वर्गातली चिखलीकडची पोरं सांगू लागली की भाऊ आधीच आला आहे. जालन्याहून आलेला एक कापडवाला म्हणाला, सून बारवेतून निघून लग्नाला चालली आहे. म्हणजे लग्न नंतर आणि बुडणं आधी. मला काही कळेना. मी किसनला गाठलं.

"मास्तर लोक बी न," किसन हसायला लागला. "अहो, पाटी बदलते, गाडी थोडीच बदलते? काल जालन्याले गेलेली गाडी आज चिखलीले जाते, परवा मेहकरले. तुमी पानं पाटी पाहून लावले का?"

आम्ही पाटी पाहूनच लावली होती. वर्षानुवर्षं रोज स्टँडवर उभं राहणाऱ्या मास्तरांनी आणि गणित शिकवणाऱ्या मी, दोघांनीही गाडीकडे कधी पाहिलंच नव्हतं. पाटीवर जालना असेल तर ती जालन्याची गाडी, असंच धरून चाललो होतो. आता गोष्ट साऱ्या जिल्ह्यात उलटीसुलटी फिरत होती आणि प्रत्येक गावाला तिचा वेगळाच तुकडा मिळत होता. मी म्हटलं, निदान पानांवर आकडे तरी टाकू. लोक डोक्यात क्रम लावतील. मास्तरांनी माझा हात धरला.

"तिले कोनतं पान आधी भेटंल, तुमाले माहीत हाये का? तिले जिथं भेटंल, तिथून सुरू."

मग एक दिवस भर दुपारी अमडापूरहून एक म्हातारे शाळेत आले. सोबत दोन गडी. डोक्याला पागोटं, हातात काठी, आणि चेहरा असा की शिपाई आपोआप बाजूला झाला.

"गाडीत चित्रं कोन लावते?"

मास्तर पुढे झाले.

"तुमी मुराळ्याले खुनी केलं!" म्हातारे ओरडले. "आमच्या बारक्याच्या घरून पोरगी दिली हाये तुमच्या गावात. तिचा भाऊ पंचमीले आनाले निघाला, त गाडीतल्या बाया त्याले म्हनतात, काऊन रे, ढकलाले जाऊन राह्यला का बहिनीले? हसून राह्यल्या सगळ्या! पोरगं अर्ध्यातून उतरून घरी आलं. सनाले पोरगी तिथंच राह्यली. तिनं वाट पाह्यली असंन का नाई?"

मी मधे पडलो. अमडापूरच्या गाडीत नेमकं शेवटचं पान गेलं होतं, मागची पानं त्यांनी पाहिलीच नव्हती. मी सांगितलं की भाऊ बहिणीला ढकलत नाही, पाण्यातून वर काढायला धावतो आहे, तुम्हाला आधीची पानं दाखवतो.

"दाखवू नका. मले डोळे हायेत," म्हातारे म्हणाले. "ते पाठमोरी. भाऊ पाठमोरा. त्याचा हात तिच्या पाठीवर. समोर पानी. आता वर काढाले हात पाठीवर ठेवतात का?"

मी मास्तरांकडे पाहिलं. सगळं मागून काढायच्या त्यांच्या खोडीचा हा परिणाम, एवढंच मला वाटलं. मला हसूही येत होतं. पण मास्तर खाली बसले, तिथेच, व्हरांड्याच्या पायरीवर.

"बरोबर पाह्यलं तुमी," ते म्हणाले. "मी काढलं तवा मलेच नाई दिसलं."

भांडायला आलेला माणूस पहिल्याच घावाला अशी कबुली मिळाली की पार गोंधळून जातो. म्हातारे काठी या हातातून त्या हातात घेत राहिले. शेवटी जरा नरमून म्हणाले, "चुकलं असंन त दुरुस्त करा, मास्तर."

"तेच करून राह्यलो, बावा."

म्हाताऱ्यांना त्यातलं काही समजलं नसणार. मला समजलं, आणि हसू आल्याची लाज वाटली. पोरीच्या पाठीवर हात ठेवून, दम धर म्हणत, तिला गाडीत चढवणारा भाऊ मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. मास्तर स्वतः म्हाताऱ्यांबरोबर गावात गेले, त्यांच्या नातीला घेऊन आले आणि सण उलटून गेला असतानाही आजोबा-नातीला अमडापूरच्या गाडीत बसवून दिलं. गाडीतलं ते पान त्यांनी काढलं नाही.

रिकाम्या चौकोनांचं म्हणाल, तर ते रिकामे राहत नव्हते. पान फाटायला आलं की किसन ते सोलून आणून देई, आणि सहाव्या चौकोनात काय काय असे! चुन्याची बोटं, पाढे, बायकोचं नाव, बायकोचं नसावं असं एक नाव, विमान, निवडणुकीचं चिन्ह, शेजाऱ्याला शिवी. मला चीड यायची. मास्तर मात्र ते पान खिडकीपाशी धरून बारकाईने बघत आणि लाल पेन्सिलीने मार्क देत. "विमान बरं हाये. पास." शिवीलाही त्यांनी अक्षरासाठी मार्क दिले. मग ते पान खोलीतल्या भिंतीवर लागायचं आणि त्याच्या जागी नवीन पान गाडीत जायचं. पुढचे काही महिने हेच चालू होतं. गोष्टीचा क्रम आता मास्तरांनाही सांगता आला नसता. मी विचारणं सोडून दिलं होतं.

थंडीचे दिवस होते. मधल्या सुट्टीत आम्ही शाळेच्या अंगणात उन्हाला बसलो होतो. किसन सायकलवरून आला आणि गुंडाळलेलं पान मास्तरांच्या मांडीवर टाकून म्हणाला, "हे निघूनच आलं होतं, मास्तर. धुवाले टाकली होती गाडी."

मास्तरांनी पान उलगडलं. सुनेचं बारवेत उतरणं होतं ते, गुडघ्यापर्यंत पाणी. सहाव्या चौकोनात कोळशाने काही तरी काढलेलं. वाकून पाहिलं तर बारवेच्या अगदी वरच्या पायरीवर एक बाई जेवत बसली होती. चित्र लहान मुलाने काढावं तसं, पाय काड्यांसारखे. पण बाई पाठमोरी नव्हती. गोल चेहरा, दोन डोळे, सरळ आपल्याकडे बघणारी. तिच्या पुढ्यात ताट होतं, ताटात भाकर, आणि ताटाच्या काठावर भाकरीचा पालथा चतकोर. चतकोरावर मिरची.

मला ते कळायला थोडा वेळ लागला. मास्तरांना लागला नाही.

मी उठून उभाच राहिलो. "किसन, ही गाडी कुठे कुठे गेली होती?"

"कुठं नाई गेली ते विचारा," किसन म्हणाला. "जालना झालं, चिखली झालं, मेहकर झालं, अमडापूरच्या बाजाराले गेली, मधात यात्रेले खामगावकडं पाठवली होती. कोन कवा बसलं, काय सांगू?"

मी खिशातून कागद काढला. कुठल्या दिवशी कुठली फेरी, कुठे मुक्काम, हे लिहून काढलं तर शोध बराच आवळता आला असता. मी किसनला वार विचारू लागलो. मास्तरांनी माझ्या कागदावर हात ठेवला.

"राहू द्या, गणित."

"अहो, पण ती सापडेल! इतके दिवस रोज स्टँडवर जाताय, आणि आता..."

"तिले सापडाचं असतं त गावाचं नाव लिहिलं असतं. लिहिता येते तिले. मीच शिकवलं." ते पुन्हा चित्राकडे बघू लागले. "तिनं जेवन काढलं. वरच्या पायरीवर बसून जेवून राह्यली, पाहा न. बरी हाये."

मला राग आला. खरंच आला. इतक्या जवळ येऊन हा माणूस शोधणं थांबवतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. आज इतक्या वर्षांनीसुद्धा कधी वाटतं की ते बरोबर होते, कधी वाटतं की मी मास्तरांचं न ऐकता त्या सगळ्या गावांना जाऊन यायला हवं होतं. एकदा गाडीत बसवून दिलेल्या बहिणीला पुन्हा कुठून कुठे ओढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. निदान मी तसं समजतो.

किसन गेल्यावर मी चिडूनच विचारलं, "मग मार्क देत नाही का याला?"

मास्तरांनी लाल पेन्सिल काढली. तिचं टोक बाईच्या पायांपाशी नेलं. "पाय चुकले," ते पुटपुटले. मग पेन्सिल परत खिशात ठेवली.

त्या संध्याकाळी मेहकरची गाडी आली तेव्हा ते स्टँडवर गेले नाहीत. माझ्याबरोबर काकूंकडे आले. काकूंना मी काहीच सांगितलं नव्हतं. ताटं वाढली गेली, भाकर आली. मास्तरांनी नेहमीसारखा चतकोर मोडला आणि ताटाच्या काठावर पालथा ठेवला. मग काकूंकडून एक हिरवी मिरची मागून घेतली आणि चतकोरावर ठेवली. बाकीचं जेवण त्यांनी सावकाश संपवलं. मी माझं संपवून नुसता बसून होतो. शेवटी त्यांनी तो चतकोर उचलला, मिरचीला मीठ लावलं, आणि एकेक घास करत सगळा खाल्ला.

काकू गाईसाठी चतकोर न्यायला आल्या आणि ताटाकडे बघतच राहिल्या.

"मास्तर, चतकोर?"

"खाल्ला," मास्तर म्हणाले. "आज माह्या वाट्याचा होता."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. त्या आत गेल्या आणि गाईसाठी दुसरी भाकर घेऊन आल्या.